पाय का सटकतो आणि सटकू नये म्हणून नक्की काय करायचं

आई पडली ती बाथरूममध्ये नाही, बाथरूमच्या बाहेर दोन पावलांवर पडली. आत आम्ही सगळं करून ठेवलं होतं, खडबडीत लादी, धरायला दांडा, रबरी मॅट, आणि बाहेरच्या पॅसेजकडे कुणाचं लक्षच नव्हतं कारण तो कायम कोरडा असतो. ओल्या स्लिपर घालून ती बाहेर आली, एक पाऊल पायपुसण्यावर पडलं, पुढचं गुळगुळीत फरशीवर, आणि उजवा पाय सरळ पुढे निघून गेला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागलोय, आणि एक गोष्ट मला पक्की कळली की "जपून चाल गं" असं सांगून काहीही होत नाही, जपून म्हणजे नक्की काय करायचं ते सांगावं लागतं. तेच इथे सांगतोय, लांबलंय थोडं पण घरात वयस्कर माणूस असेल तर प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आणि हा किरकोळ विषय अजिबात नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे जातात, अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडणंच येतं.

आधी घर्षणाचा हिशोब

पाऊल टेकलं की आपण जमिनीवर दोन प्रकारे जोर लावतो, एक सरळ खाली आणि एक आडवा. आडव्या जोराला खालच्या जोराने भागलं की जो आकडा येतो तेवढं घर्षण आपल्या चालीला "लागतं". सपाट जमिनीवर साध्या चालीत हा आकडा ०.२ च्या आसपास असतो, म्हणजे ६० किलोचा भार पायावर आला तर साधारण १२ किलोचा आडवा धक्का. ही झाली मागणी. आता फरशी, चपलेचा तळ आणि त्या दोघांच्या मधे जे काही असेल ते (पाणी, साबण, तेल, धूळ, पावडर) हे तिघं मिळून जेवढी पकड देतात तो झाला पुरवठा. कोरडं रबर कोरड्या लादीवर असेल तर पुरवठा मागणीच्या दुप्पट तिप्पट असतो, म्हणून आपण दिवसभर याचा विचारही करत नाही. तीच लादी साबणाच्या पाण्याने ओली झाली की पुरवठा ०.२ च्या खाली जाऊ शकतो आणि तेलाचा पातळ थर असेल तर अजून खाली. मागणी पुरवठ्याच्या वर गेली की पाय सटकला, बास, एवढंच आहे ते.

इथे दोन गैरसमज काढून टाका. पहिला, "मी वजनदार आहे, माझी पकड घट्ट." नाही. वजन वाढलं की खालचा जोर वाढतो तसा आडवा जोरही त्याच प्रमाणात वाढतो, भागाकार तेवढाच राहतो, जड माणूस आणि हडकुळा माणूस एकाच फरशीवर जवळपास सारखेच घसरतात (पडल्यावर लागतं मात्र जड माणसाला जास्त). दुसरा, "तळ रुंद म्हणजे पकड जास्त." आमोन्तों नावाच्या फ्रेंच माणसाने १६९९ मध्येच मांडलं होतं की घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर हा नियम काटेकोर पाळत नाही हे खरं, पण ओल्या फरशीवर खरा प्रश्न वेगळाच असतो, की तळाखालचं पाणी बाहेर निघायला वाट आहे की नाही. त्यावर पुढे येतोच.

एक पाऊल अगदी हळू करून बघा

आत्ता उठून चार पावलं चाला आणि फक्त टाचेकडे लक्ष द्या. पाऊल टेकतं तेव्हा चवडा वर असतो आणि जमिनीला लागते ती टाचेची मागची कड, ती पण बहुतेकांची बाहेरच्या बाजूची. पाय तेव्हा अंगाच्या पुढे तिरका असतो, शरीर अजून मागे आहे, आणि पुढच्या सेकंदाच्या दहाव्या भागात भार झपाट्याने त्या छोट्याशा कडेवर यायला लागतो. पाय जितका तिरका तितका आडवा जोर जास्त. सगळा खेळ इथेच आहे, सगळ्यात कमी जागा टेकलेली आणि आडवा जोर सगळ्यात जास्त, ते पण नेमकं एकाच वेळी.

गंमत म्हणजे चांगल्या फरशीवरसुद्धा टाच टेकल्यावर थोडीशी सरकतेच, काही मिलीमीटर, कधी सेंटिमीटरभर, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. दोन तीन सेंटिमीटर सरकली तरी बहुतेक वेळा शरीर सांभाळून घेतं. दहा सेंटिमीटरच्या आसपास गेली की मात्र सावरणं अवघड. आणि वेळेचा हिशोब बघा, सटकायला सुरुवात होते टाच टेकल्यापासून साधारण ०.०५ ते ०.१ सेकंदात, आणि सावरायची हालचाल, म्हणजे गुडघा वाकवून पाय मागे ओढणं, ती सुरू होते ०.२ सेकंदाच्या आसपास. म्हणजे पाय निघाल्यावर शरीराला कळतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल लागलेला असतो, म्हणून "सटकला तर मी सावरेन" यावर भिस्त ठेवू नका, जे काही करायचं ते पाऊल टाकायच्या आधी.

पाऊल उचलताना चवडा मागे सटकतो तो प्रकार तेवढा घातक नाही कारण तोपर्यंत दुसरा पाय टेकलेला असतो आणि भार तिकडे सरकत असतो, एक हिसका बसतो फक्त. टाच पुढे सटकली की मात्र माणूस मागे पडतो, बुडावर, टेकवलेल्या हातावर, नाहीतर डोक्याच्या मागच्या बाजूवर. आईचं तेच झालं, हात मागे टेकवला आणि सगळा भार मनगटावर आला.

मग निसरड्यावर चालायचं कसं

पाऊल छोटं टाका. बाकी सगळं विसरलात तरी हे एक लक्षात ठेवा, कारण छोटं पाऊल म्हणजे पाय कमी तिरका आणि आडवा जोर कमी, म्हणजे तुम्ही फरशी न बदलता मागणीच कमी केलीत. नेहमीच्या पावलाच्या निम्मं पुरे. हळू चालण्याचा फायदा होतो तो पण मुख्य म्हणजे पाऊल आपोआप छोटं पडतं म्हणून, लांब ढांगा टाकत हळू चाललात तर फारसा उपयोग नाही.

टाच आधी नको, पूर्ण तळवा एकदम टेकवा, जरासा सपाट. गुडघे थोडे सैल ठेवा. अंगाचा भार टेकलेल्या पावलाच्या बरोबर वर आला की मगच दुसरा पाय उचला, पेंग्विन चालतो ना डुलत डुलत, तसं. दिसायला विचित्र दिसतं, दिसू दे.

भीती वाटली की बहुतेक माणसं मागे झुकतात आणि पाय पुढे करून जमीन चाचपतात. हे बरोबर उलटं आहे! मागे झुकलात की पाय अजून तिरका होतो आणि टाचेवरचा आडवा जोर वाढतो. किंचित पुढे झुका, छाती पावलाच्या वर येऊ दे. मी आईला हे शिकवायला लागलो तेव्हा तिला सगळ्यात जड हेच गेलं, ती सारखी मागे रेलायची, शेवटी मी तिच्यापुढे उलटा चालत राहिलो आणि तिला म्हटलं माझ्या खांद्यावर हात ठेवायचाय असं समजून चाल, तेव्हा जमलं.

वळताना जास्त लोक पडतात असं मी स्वतः बघितलंय आणि त्याला कारण आहे, वळायला सरळ चालण्यापेक्षा जास्त घर्षण लागतं. ओल्या फरशीवर एका पायावर गर्रकन वळू नका, तीन चार छोटी पावलं टाकत गोलाकार वळा. एकदम थांबणं पण तसंच. बेल वाजली, फोन वाजला, म्हणून पळू नका, वाजू दे.

हात खिशात नको आणि दोन्ही हातात सामान नको. पोटाशी धरलेली मोठी बादली किंवा खोका तर सगळ्यात वाईट कारण स्वतःचे पायच दिसत नाहीत, आणि सावरायला हातही मोकळे नसतात.

एक मात्र सांभाळा, छोटं पाऊल म्हणजे पाय घासत चालणं नव्हे. चालताना पुढे जाणारा चवडा जमिनीपासून जेमतेम एक दोन सेंटिमीटर वर असतो, एवढंच, त्यामुळे मॅटची वळलेली कड, वायर, उंबऱ्याची पट्टी यात तो सहज अडकतो. घसरलेला माणूस मागे पडतो, ठेचकाळलेला पुढे पडतो. वयाबरोबर पाय उचलणं कमी होतं, म्हणून वयस्कर माणसांना "पाय घासत सावकाश जा" असं कधी सांगू नका, "छोटं टाक पण उचलून टाक" असं सांगा.

जिथे फरशी बदलते तिथे थांबा

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. अख्खी फरशी ओली आहे हे दिसत असेल तर माणूस न सांगता पाऊल छोटं करतो, पाय सपाट टेकवतो, शरीराला ते येतं. माणसं पडतात ती जिथे माहीतच नसतं तिथे, कोरड्यातून अचानक ओल्यात, खडबडीत लादीवरून गुळगुळीत लादीवर, मॅटवरून फरशीवर, उजेडातून अंधारात. पाय मागच्या जमिनीच्या हिशोबाने पडतो आणि जमीन बदललेली असते. आई बाथरूममध्ये अगदी सांभाळून चालत होती, पायपुसण्यावर पाय आला आणि तिच्या मनाने घेतलं की झालं, आता कोरडं आलं, आणि पुढचं पाऊल नेहमीसारखं लांब पडलं. फरशी कोरडीच होती, पाणी तिच्या तळाला होतं.

म्हणून घरात एक फेरी मारा आणि अशा सीमा शोधा. बाथरूमचं दार, स्वयंपाकघरात सिंकच्या समोर, वॉशिंग मशीनची जागा, मुख्य दार जिथे पावसाचे पाय आत येतात, फ्रीजसमोर. प्रत्येक सीमेवर पायपुसणं असं ठेवा की त्यावर दोन्ही पायांची किमान एकेक पावलं पडतील, एकाच पायाचं पाऊल पडलं तर दुसऱ्याचा तळ ओलाच राहतो. पायपुसण्याच्या खालची बाजू रबरी हवी, नाहीतर पायपुसणंच पायासकट निघून जातं. आणि ते चिंब झालं की बदला, ओलं पायपुसणं तळ पुसत नाही, उलट भिजवतं.

चपलेचा तळ उलटा करा

आईची ती स्लिपर मी उलटी करून बघितली तेव्हा मागे बाहेरच्या कडेला एक डाग होता, काचेसारखा गुळगुळीत आणि चकचकीत, नक्षी पूर्ण गेलेली. बाकी तळ जवळपास नवा. आणि पाऊल टेकतं ते नेमकं त्याच डागावर! वरून चप्पल चांगली दिसत होती म्हणून दोन वर्षं कुणी बदलली नाही.

गुळगुळीत डाग का घातक, ते बघा. ओल्या फरशीवर तळ दाबला गेला की मधलं पाणी बाजूला निघावं लागतं तेव्हा रबर फरशीला भिडतं. नक्षीच्या खाचा असल्या की पाणी जवळच्या खाचेत शिरतं, क्षणात. खाचा नसल्या की पाण्याला डागाच्या कडेपर्यंत जावं लागतं, तेवढा वेळच नसतो, आणि टाच पाण्याच्या थरावर तरंगते, पावसात गाडीचा झिजलेला टायर तरंगतो तसंच. तेल किंवा शाम्पू पाण्यापेक्षा घट्ट, ते निघायला अजून जास्त वेळ घेतं, म्हणून ते पाण्यापेक्षा वाईट.

सोपी कसोटी अशी, भिंतीवरच्या घड्याळात बसतो तो डबल ए पेन्सिल सेल घ्या आणि त्याचं बूड त्या झिजलेल्या डागावर ठेवा. डाग सेलच्या बुडापेक्षा मोठा असेल तर ती चप्पल किंवा बूट ओल्यात वापरू नका. घरातल्या सगळ्या चपला बूट एकदा असे तपासा, दहा मिनिटांचं काम आहे.

नवी घेताना तळ नखाने दाबून बघा, थोडा दबणारा रबरी तळ हवा, कडक प्लास्टिकसारखा नको. खाचा एकमेकींना जोडलेल्या आणि कडेपर्यंत उघड्या हव्यात म्हणजे पाणी बाहेर पडेल. टाचेला पट्टा असेल तर फारच उत्तम, सैल चप्पल पायातून आधीच अर्धी निघालेली असते. नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालणं तर बंदच करा.

दोन जोडांची तुलना करायची असेल तर सामान मोजायचा हुकवाला काटा वापरता येतो. बुटात वजन ठेवा, बूट धरून एकूण ३ किलो समजा, ओल्या लादीवर ठेवून काटा आडवा धरून एकसारखं ओढा. काटा ०.९ किलो दाखवत असेल तर भागाकार ०.३. मात्र बूट जागचा हलतानाचा आकडा घेऊ नका, सरकत असतानाचा घ्या, कारण ओल्यावर तळ थोडा वेळ नुसता ठेवला की खालचं पाणी निघून जातं आणि तो चिकटल्यासारखा होतो, आकडा खोटा जास्त येतो. ही घरगुती तुलना आहे, यावरून "हे बूट सेफ" असं ठरवू नका, दोघांत बरा कुठला एवढंच कळेल.

फरशी निवडताना आणि पुसताना

लाद्यांवर आर ९ ते आर १३ असा दर्जा लिहिलेला असतो. बऱ्याच जणांना वाटतं ९ म्हणजे दहापैकी नऊ, फार भारी! तसं नाही, आर ९ हा त्यातला सगळ्यात खालचा. तेल लावलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालवतात आणि उतार वाढवत नेतात, ६ ते १० अंशांपर्यंत पकड टिकली की आर ९, १० ते १९ अंश म्हणजे आर १०, १९ ते २७ म्हणजे आर ११, असं वर वर. बाथरूमसाठी मात्र अनवाणी पायाची वेगळी चाचणी असते, साबणाच्या पाण्यावर, त्यात ए, बी, सी असे वर्ग, ए म्हणजे किमान १२ अंश, बी १८, सी २४. शॉवरखाली बी तरी असावा असं माझं मत. ब्रिटनमध्ये लंबकाच्या टोकाला रबर लावून फरशीवर घासतात, ३६ किंवा जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी धरतात, २५ ते ३५ मध्यम, २४ पर्यंत जास्त. दुकानात विचारताना ओल्या फरशीवरचा आकडा मागा, कोरडा आकडा कुठल्याही लादीचा छानच येतो.

आता पुसणं. फरशी निसरडी होण्यात साफसफाईचाच मोठा हात असतो. लिक्विड जास्त टाकलं की चकाकी येते, वास येतो, आणि मागे एक पातळ थर राहतो जो कोरडा असताना कळत नाही पण पुन्हा पाणी पडलं की साबण होतो. बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका आणि शेवटी साध्या पाण्याने एक हात मारा. तेल सांडलं तर ओल्या फडक्याने पसरवत बसू नका, आधी कागदाने टिपून घ्या, मग साबणाने धुवा, मग साध्या पाण्याने, मग कोरडं करा. टाल्कम पावडर सांडली तर तीही लगेच उचला, कोरडी पावडर पायाखाली सरकते आणि ती दिसतही नाही. मॉप घट्ट पिळून घ्या आणि अर्धी अर्धी फरशी पुसा म्हणजे चालायला एक कोरडी वाट कायम राहील.

उतार आणि जिना

उतारावर मागणी आपोआप वाढते. बारा फुटाला एक फूट असा साधा रॅम्प धरला तरी सपाटीवरचं ०.२ तिथे ०.२८ च्या वर जातं, आणि उतरताना टाच पुढेच ढकलली जाते. म्हणून ओल्या रॅम्पवर पाऊल अजून छोटं आणि हात कठड्याला.

जिन्यात चढण्यापेक्षा उतरताना जपा. उतरताना बरेच जण चवडा पायरीच्या कडेच्या बाहेर लोंबकळत ठेवतात, अर्धाच पाय टेकलेला असतो. पूर्ण पाऊल आत घ्या, पायरी अरुंद असेल तर पाय थोडा तिरका करा. आणि शरीर पहिल्या दोन पायऱ्यांवरून उंची शिकतं, मग न बघता तसाच पाय टाकत जातं, त्यामुळे मधे एखादी पायरी सेंटिमीटरभर जरी कमी जास्त असली तरी तिथे हमखास अडखळायला होतं. अशी पायरी माहीत असेल तर तिच्या कडेला रंगाची ठळक पट्टी मारा. दूर जवळचा एकत्र चष्मा असेल तर खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, मान खाली करून वरच्या काचेतून बघायची सवय लावा.

सटकलाच तर

पडतोय हे कळलं तर ताठ हात टेकवून सगळा भार मनगटावर घेऊ नका. गुडघे वाकवा, खाली बसल्यासारखे व्हा, हनुवटी छातीला लावा म्हणजे डोक्याची मागची बाजू वाचते, आणि कुशीवर लोळा. सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे हे मला मान्य आहे, पण हनुवटी छातीला हे एक जरी जमलं तरी खूप.

तोल सांभाळायची ताकद मात्र सरावाने वाढते. ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठबस, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना टेकवत एका रेषेत चालणं, हे रोज दहा मिनिटं. आई आता दात घासताना बेसिनला एक हात ठेवून एका पायावर उभी राहते. चक्कर येत असेल, झोपेच्या किंवा बीपीच्या गोळ्या नवीन सुरू झाल्या असतील तर मात्र व्यायामाआधी डॉक्टरांशी बोला.

कुणी पडलं तर हाताला धरून लगेच उभं करायची घाई करू नका. आधी विचारा कुठे दुखतंय. खुब्यात किंवा मांडीत कळ येत असेल, पायावर भार घेता येत नसेल, मान दुखत असेल तर हलवू नका, मदत बोलवा. काही नसेल तर आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर आणि हातांवर, मग खुर्ची धरून सावकाश. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर माणूस कितीही ठीक वाटत असला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि ती जागा कुणी पुसायच्या आत नीट बघून घ्या, ओलं काय होतं, कुठून आलं, पायात काय होतं, दिवा लागला होता का. मोबाईलने फोटो काढा. आमच्याकडे दवाखान्याच्या गडबडीत कुणीतरी पॅसेज पुसून टाकला होता, पण पायपुसण्याच्या पुढे, भिंतीच्या कडेला, स्लिपरच्या मागच्या कडेचा एक ओला फराटा तेवढा राहिला होता, वीतभर लांब.